हातात घे, बघ, परत दे

द्वारका,

तिसऱ्या दिवशी तुझी राख सावडली, शहागडला गोदावरीत सोडली आणि टेम्पोतून माघारी येत होतो, तर तू आपल्या फाट्यावर उभी. लाईटीच्या खांबाला आणि निंबाला बांधलेली, दोन माणसं उंच. मागं निळं आभाळ, खाली गुलाबाची फुलं, वर मोठ्या अक्षरात भावपूर्ण श्रद्धांजली. आणि तुझ्या डोक्यावर पदर न्हाई. केस बी न्हाईत.

"थांबव," म्हणलो.

टेम्पोवाला म्हणला, "काका, नदीवरून आलं की सरळ घरी जायचं असतंय. मधी उतरू नये."

"माझी बाई उभी आहे तिथं. थांबव."

कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर टपरीपुढं उभा होता. त्याच्यावरल्या माणसाचा कोयता मागून घेतला, टपरीवाल्याच्या स्टुलावर चढलो आणि दोऱ्या कापल्या. चहा पिणारे बघत होते. एक जण म्हणला, "तुमच्या घरच्या होत्या का? लई वाईट झालं." मला म्हणला, पण बघत होता तुझ्याकडं. शेवटची दोरी तुटली तशी तू माझ्या अंगावर आलीस. आजारपणात तुला खाटेवरून उचलायचो तेव्हा तुझं काहीच वजन राहिलं नव्हतं. या प्लास्टिकचं जास्त भरलं.

तोंड आत करून घडी घातली आणि मांडीवर घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मागच्या गल्लीतला शेळ्यावाला दारात. इकडं तिकडं बघून म्हणला, "आबा, ते बॅनर कामाचं नसंल तर द्या. शेळ्याच्या छपरावर टाकतो, गळून राह्यलंय." त्याचं बी काय चुकलं म्हणा. पुढाऱ्यांची बॅनरं आपल्याकडं कडब्यावरच जातात. पण मी म्हणलो, "तोंड वर करून टाकशील का खाली करून?" तो तसाच निघून गेला. तू असतीस तर मला रागावली असतीस, आणि मंग आत जाऊन पदर तोंडाला लावून हसली असतीस.

बॅनर भारतनं लावल्तं. आपला भारत, थोरल्या भावाचा, अंबडला ज्याचं झेरॉक्सचं आणि बॅनरचं दुकान आहे तो. कापल्याचं कळल्यावर पळत आला. डोळे सुजलेले. "काका, कापलं? दिवसभर बसून केल्तं मी ते. रडत रडत केल्तं."

"हा फोटो कुठून आणला?"

"तुमच्याच खात्यावरून. काकूचा दुसरा फोटो आहे का कुठं?"

फोटो माझाच होता. काढला मी, टाकला मी. पुसला न्हाई तो बी मीच. तुला जे सांगायचं राहिलं ते हेच आहे, म्हणून ही वही घेऊन बसलो. चौथी शिकलेला माणूस. अक्षर वाकडं जाईल. तू कधी माझं अक्षर वाचलं न्हाईस, तवा तुला चालेल.

फोन आपल्या सवितानं घेऊन दिल्ता. तुझी दुखणी सुरू झाली आणि लेक पुण्याला, रोज तिला तुझं तोंड बघायचं होतं. भारतनं मला त्याच्यात ते खातं काढून दिलं, जिथं सगळं जग आपापले फोटो टाकतं आणि दुसऱ्याचे बघतं. मी त्याला चावडी म्हणायचो. तू विचारलंस, "काय करून राह्यले हो घटकाभर त्याच्यात?" मी म्हणलो, "चावडीवर बसलोय." तुला हसू आलं. म्हणलीस, "बसा. गावातली पडली, आता खिशातली मिळाली."

गावातली चावडी पडून किती वर्षं झाली. तिथं आता पाण्याची टाकी आहे. पण तू लग्न होऊन आलीस तवा बायका चावडीपुढून जाताना चपला हातात घ्यायच्या आणि पदर पुढं ओढायच्या. बाकीच्यांनी ती चाल कवाच सोडली. तू टाकीपुढून जाताना बी चपला काढायचीस. मी म्हणायचो, "कुणासाठी काढतेस? टाकीसाठी?" तू म्हणायचीस, "पायाला सवय हाये. पायाला काय सांगू, चावडी गेली म्हणून?"

आणि मी त्या बाईला जगातल्या सगळ्यात मोठ्या चावडीवर उघड्या डोक्यानं नेऊन उभी केली.

कसं झालं ते सांगतो. हे मी तुला कधीच सांगितलं न्हाई. तू विचारलं बी न्हाईस, कारण मी आधीच ओरडून मोकळा झाल्तो.

औरंगाबादच्या दवाखान्यातून कॅन्सरचं चौथं सलाईन लावून आपण घरी आल्तो. चार दिवस तुझ्या पोटात पाणी ठरत नव्हतं. पाचव्या दिवशी तू ओट्यावर उन्हाला बसलीस आणि म्हणलीस, "विहिरीकडल्या झाडाची मोसंबी खावीशी वाटून राह्यली." मी पळत गेलो. सत्तरीतला माणूस मोसंबीसाठी पळत गेला, बांधावर पडता पडता वाचलो. सोलून दिली. तू एक फोड खाल्लीस. थांबलो दोघं. आता उलटी होईल, आता होईल. न्हाई झाली. तू दुसरी खाल्लीस. तिसरी घेतलीस आणि माझ्याकडं बघून हसलीस. रुमाल मागं सरकला होता, रस हनुवटीवर आल्ता. त्या टायमाला मला दुसरं काही दिसलं न्हाई. केस दिसले न्हाईत, गालाची हाडं दिसली न्हाईत. फोड खाल्लेली दिसली. मी फोटो काढला आणि चावडीवर टाकला. वर लिहिलं, आज द्वारका जेवली.

बस. एवढंच होतं माझ्या मनात. सगळ्यांना सांगावं की जेवली.

दोन दिवसांनी शेजारची यमुना आली. मी दूध आणायला गेल्तो. ती तुझ्यापाशी बसली आणि म्हणली, "द्वारकाबाई, सगळेच गेले व्हय गं केस? म्या फोनमधी पाह्यलं, जीव कसा झाला माझा." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मी आलो तर तू भिंतीकडं तोंड करून निजलेली.

"यमुनेनं कुठं पाह्यलं मला?"

"कुठं म्हणजे? फोनवर टाकला मी."

"मला विचारलं?"

"त्याच्यात काय विचारायचं? तू माझी बायको. लोकांना काळजी आहे, विचारून राह्यले कशी आहे कशी आहे म्हणून."

"मला विचारलं का, एवढंच सांगा."

मंग मी ओरडलो. तुझ्यापाशी कधी शब्दाची कमी नव्हती, आणि माझ्यापाशी आवाजाची. म्हणलो, "दवाखान्यात शेजारच्या खाटेवरल्या बाईला तूच रुमाल काढून डोकं दाखवलंस. हात लाव म्हणलीस. दोघी दात काढत होत्या. तवा लाज न्हाई वाटली?"

तू उठून बसलीस. उठायला किती टाईम लागला, मला अजून दिसतं. म्हणलीस, "तिला म्या दाखवलं. तुम्ही न्हाई."

हरलो की मी काय करतो तुला माहीत आहे. चपला घालून शेतात गेलो.

पाटाच्या कडंला बसलो तर जांबची जत्रा आठवली. समर्थांच्या जांबला रामनवमीला बैलगाडीनं गेल्तो आपण, लग्नाला दोन वर्षं झाली असतील. मी बैलं पाण्यावर नेली आणि माघारी आलो तर तू आणि माझी बहीण तंबूतून बाहेर येताना दिसल्या. फोटोवाल्याचा तंबू. मागं पडद्यावर राजवाडा आणि कमळाचं तळं काढलेलं. मी तिथंच सुरू झालो. मला न विचारता फोटो काढला? कोण तो परका माणूस, त्याच्यासमोर बसलीस? गाडीत बसल्यावर बी माझं चालूच. तीन कोस तू गप. बहीण भेदरून गेलेली. मंग आपल्या शिवाराचा नाला आला तवा तू म्हणलीस, "माझं तोंड हाये. तुमचं काढायचं असतं तर विचारलं असतं."

बैल हाकायचं राहून गेलं माझं. बहीण हसली, तिला बी मी बोललो. ते भांडण तिथंच राहिलं, त्याचा निकाल कधी लागला न्हाई. म्हणजे मला वाटत होतं लागला न्हाई. लागल्ता. मीच ऐकला न्हाई.

तो फोटो आला तवा तू खणात गुंडाळून पेटीत ठेवलास. हिरवं लुगडं, पदर कपाळापर्यंत, हात मांडीवर, आणि डोळे असे की आता काही विचाराल तर बघा. भिंतीवर लावू दिला न्हाईस कधी. म्हणायचीस, भिंतीवर मेलेल्याचे फोटू. पण कुणी आलं, बहीण, भावजय, जाऊ, की जेवणं झाल्यावर तुझं सुरू. "हात धुऊन ये." मंग पेटी उघडायची, खण सोडायचा, फोटो तिच्या हातात द्यायचा आणि समोर उभं राहायचं. तिचं बघून झालं की हात पुढं. हातात घे, बघ, परत दे. सविताचं लग्न झालं तवा तिनं मागितला, तर तिला बी दिला न्हाईस. "मी हाये ना. मला बघ."

मी तुझी थट्टा करायचो. "फोटो काय बघितल्यानं झिजतो का?" तू म्हणायचीस, "झिजत नसंल. पर हातातून सुटतो."

पाटाच्या कडंला हे सगळं आठवलं आणि मी फोन काढला. मोसंबीचा फोटो शोधला आणि डब्यात टाकला, फोनवर तो कचऱ्याचा डबा असतो त्याच्यात. गेला. घरी येऊन म्हणलो, "पुसला." तू म्हणलीस, "बरं झालं." चुलीवर चहा ठेवायला सांगितलास, दोघांनी पिला.

खोटं न्हाई बोललो तवा. मला वाटलं गेला. मूळ कागद फाडला की फोटो संपला, अशीच माझी समज. घरातला फाडला तर चावडीवरला कसा राहील? कुणी मला सांगितलं न्हाई की टाकताना त्याची दुसरी प्रत तिकडं गेल्ती, आणि ती आता घरातल्यावर अवलंबून न्हाई.

महिन्याभरानं फोन वाजला. कुणीतरी त्याच फोटोखाली लिहिल्तं. उघडला तर तू. मोसंबी हातात. हसून राह्यलीस.

आता ऐक. तवा मी पुसायला पाहिजे होता. भारतला फोन केला असता तर त्यानं दोन मिनिटांत सांगितलं असतं कसा पुसायचा. मी केला न्हाई. कारण मी खाली वाचायला लागलो. शंभरावर लोकांनी लिहिल्तं. वहिनी लवकर बऱ्या व्हा. मामी, तुमच्या हातचं खायला येऊन राह्यलो दिवाळीला. तुझ्या माहेरच्या कुणाकुणाची लेकरं, जी आपण कधी पाहिली न्हाईत. दवाखान्यात तुला आत नेलं की मी बाहेर बाकावर बसून ते वाचायचो. डॉक्टर माझ्याशी कमी बोलायचे, सविता फोनवर रडायची. मला धीर द्यायला दुसरं होतं कोण? पुसला असता तर ते सगळं गेलं असतं.

तू दोनदा विचारलंस. एकदा पोळ्याच्या आधी. "तो फोटू खरंच पुसला ना हो?" मी म्हणलो, "पुसला म्हणलं ना एकदा." दुसऱ्यांदा शेवटच्या आठवड्यात. तेव्हा तुझा आवाज बी निघत नव्हता, ओठ हालले, मी कान लावला. वाटलं पाणी मागून राह्यलीस. तू म्हणलीस, "पुसला ना?"

"हो," म्हणलो.

आणि तू डोळे मिटलेस. झोपलीस. माझ्या खोट्यावर विसावून झोपलीस, द्वारका.

बॅनर घरी आणून ठेवलं त्याच दिवशी कळलं की ते एकटं न्हाई. भारतनं तेच चित्र गावाच्या ग्रुपवर टाकल्तं, पाव्हण्यांच्या ग्रुपवर टाकल्तं, आणि जो तो आपल्या फोनवर लावून पुढं ढकलून राह्यला होता. मंग मी ठरवलं. पायात चपला घातल्या आणि घरोघर निघालो.

सुतकी माणसानं दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत जाऊ नये, म्हणून अंगणात उभा राहायचो आणि आवाज द्यायचो. लोकांना वाटायचं म्हातारं भ्रमलं. बाहेर यायचे, पाणी घ्या म्हणायचे. मी म्हणायचो, "पाणी नको. तुझ्या फोनमधी माझी बायको आहे, तिला पुस. माझ्यासमोर पुस." कुणी निमूट पुसला. कुणी म्हणलं, "आबा, श्रद्धांजली आहे, पुसली तर चांगलं दिसत न्हाई." मी म्हणलो, "ती चांगली दिसत न्हाई त्याच्यात, ते बघ." एक पोट्टं म्हणलं, माझ्या फोनवर आलं म्हणजे माझंच झालं की. त्याच्या मायनं आतून येऊन फोन हिसकला आणि पुसला.

किराणावाल्या सेठकडं गेलो. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, पण हिशोबात पडले की मारवाडीत बोलतात ते. चष्मा लावून त्यांनी पुसला आणि म्हणले, "आबा, बिलकुल पुसला. पण मी तो जालन्याला भावाला पाठवला, त्यानं सुरतेला पाठवला असंल. आता सुरतेला जाणार का तुम्ही चालत?" चेष्टा न्हाई केली त्यांनी. खरंच विचारलं. मी दुकानाच्या पायरीवर बसलो. मला पहिल्यांदा कळलं की हे पुरं होणारं काम न्हाई. सेठनी आतून पाणी मागवलं, ते मात्र पिलो.

शेवटचं घर शेजारच्या यमुनेचं. ठेवलं होतं शेवटी, तिचा राग होता मला अजून. ती ओट्यावर तूर निवडून राह्यली होती. मी म्हणायच्या आधीच तिनं सूप बाजूला सारलं.

"माहीत हाये कशाला आले ते. हे बघा, पुसला." फोन माझ्यापुढं धरला. मंग खाली ठेवता ठेवता थांबली. "भाऊजी, राग धरू नका. पर तुमचा अजून हाये की."

"माझा कोणता?"

"मोसंबीवाला. खाली माझं बी लिवलेलं हाये." तिनं दाखवला. "साऱ्या गावाला पुसायला लावून राह्यले, म्हणून म्हणते. द्वारकाबाईनं मला विचारलं व्हतं एकदा, अजून दिसतो का गं त्याच्यात म्हणून. म्या न्हाई म्हणलं."

म्हणजे तुला माझा भरवसा नव्हता. मला विचारून झाल्यावर तू तिला विचारलंस, आणि ती बी तुझ्याशी खोटं बोलली. माझी लाज राखायला बोलली का तुझा जीव राखायला, मी विचारलं न्हाई. "तुमचे उपकार झाले," एवढं म्हणलो आणि घरी आलो.

दुपारची वेळ. सविता मागं धुणं धूत होती. तू गेलीस त्या जागेवर दिवा ठेवलेला, त्याच्यात तेल घातलं आणि समोर बसलो. फोन उघडला. भारतला लावला, विचारलं, कुठं दाबायचं? तो म्हणला, "काका, मी येऊन करून देतो." म्हणलो, "न्हाई. माझ्या बोटानं." त्यानं सांगितलं, वर तीन टिंबं आहेत, तिथं दाबा. मंग म्हणला, "काका, एक सांगतो. फोटो गेला की खालचं लिहिलेलं बी जाईल."

"माहीत आहे."

मंग मी तुला सगळं वाचून दाखवलं. पहिल्यापासून. यमुनेचं बी. हे तुला वाचून दाखवायचं मनात होतं कधीपासून, पण दाखवलं असतं तर तुला कळलं असतं की फोटो आहे अजून. म्हणून तुझ्यासाठी लिहिलेलं सगळं मी एकट्यानंच खाल्लं. वाचायला मला वेळ लागतो, जोडाक्षराला अडतो. सविता ओल्या हातानं येऊन उंबऱ्यात कधी बसली कळलं न्हाई. संपलं तसं तीन टिंबं दाबली. फोन विचारतो, खरंच पुसायचा का? एवढं जग बघून आलेलं ते यंत्र, पण तेवढं तरी विचारतं. मी विचारलं नव्हतं.

हो म्हणलं. गेलीस.

त्याच संध्याकाळी भारत आला, हातात थिनरचा डबा आणि चिंध्या. म्हणला, "काका, बॅनरची शाई निघती याच्यानं." अंगणात पसरलं आणि दोघं बसलो घासायला. त्यानं फुलं घासली, आभाळ घासलं. तुझ्या तोंडापाशी आला आणि त्याचा हात चालंना. "मी तर काकूसाठी केल्तं, काका. गावात कुणाचं झालं न्हाई एवढं मोठं व्हावं म्हणून." म्हणलो, "माहीत आहे रे. मी बी तसंच केल्तं." आणि तुझं तोंड मी पुसलं. डोळ्यापासून सुरू केलं. पांढरं कोरं झालं तवा शेळ्यावाल्याला बोलावून दिलं. घेताना त्यानं उलटंसुलटं करून बघितलं, आणि वर आभाळाकडं बघून निघून गेला.

तेराव्याला पाव्हणे आले. पाटावर फोटो पाहिजे म्हणले, हार कशाला घालायचा? मी पेटी उघडली, खण सोडला आणि जांबचा फोटो घेऊन दारात उभा राहिलो. "हात धुऊन या." एकेकानं घेतला, बघितला, परत दिला. तुझी भावजय म्हणली, "बघायचा माझा नंबर आला की ही अशीच उभी राहायची पुढं." एकानं फोन काढून वर धरला. मी फोटो सदऱ्याच्या आत घातला आणि त्याच्याकडं बघितलं. त्यानं ठेवला फोन.

सगळे गेल्यावर सविता आली. "आबा, मला एक काढू द्या त्याच्यावरून. मी कुठं टाकणार न्हाई, कुणाला पाठवणार न्हाई. नुसता माझ्यापाशी. मला माय पाहिजे."

काय सांगू तुला, काय झालं माझं. लेकीला न्हाई म्हणू का तुला न्हाई म्हणू? तू असताना तिला म्हणली होतीस, मी हाये ना, मला बघ. आता तू न्हाईस. आणि तुला विचारायचं तर कुठं विचारू? पहिल्यांदाच आयुष्यात तुला विचारावं वाटलं, तर तू न्हाईस.

मंग फोटो खणात गुंडाळला आणि तिच्या ओटीत घातला. कागदच दिला. म्हणलो, "वर्षभर तुझ्याकडं, मंग माघारी घेऊन ये. कुणी बघायला मागितला तर हातात दे, समोर उभी राहा, परत घे. भिंतीला लावू नको." ती म्हणली, "आबा, मंग तुमच्यापाशी काहीच न्हाई राहिलं." म्हणलो, "मी पन्नास वर्षं बघितलंय." तोंडानं म्हणलो. ती गेल्यावर पेटी तीनदा उघडून बघितली.

चुकलं असंल तर माफ कर. सुरतेला कुणाच्या फोनात तू अजून असशील तर त्याला मी पोचू शकत न्हाई. माझ्या हातातलं तेवढं केलं.

काल सविताचा फोन आल्ता. तिच्या सासूनं फोटो बघायला मागितला म्हणे. "हातात दिला, समोर उभी राहिले, परत घेतला." मी विचारलं, "हात धुतले होते का तिनं?" सविता हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली. म्हणली, "आबा, सासू आहे माझी. पण हो, धुवायला लावले."

विहिरीकडल्या झाडाला मोसंबी आल्यात. आज एक सोलून ओट्यावर बसलोय, खाल्ली न्हाई अजून. फोन आत ठेवलाय.

तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं तुझं. आता विचार, द्वारका. एकदा विचार.